पंचवीस अंशांचं पाणी

मला उन्हाचं कौतुक नाही. माजरीच्या कोळसा खाणीच्या क्वार्टरात वाढलेल्या माणसाला ते नसतंच. पुण्यात नोकरीला होते तेव्हा मी चंद्रपूरकडची म्हटलं की समोरचा हमखास विचारायचा, "बापरे, अठ्ठेचाळीस ना तुमच्याकडे?" जणू आम्ही तव्यावरच राहतो. सुरुवातीला मी हसून उत्तर द्यायचे, पुढे पुढे नुसती बघायला लागले. माझ्या वडिलांनी ऐन मे महिन्यात एकही खाडा न करता खाणीत पाळ्या केल्या. 'ऊन आहे' हे कारण घरात कुणी सांगितलं तर ते ऐकूनही घ्यायचे नाहीत. मीही तशीच झाले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी जो घोळ घातला त्याचं मूळ या आडमुठेपणात आहे.

आई गेल्यावर वडील माजरीत एकटे पडले, म्हणून मी पुणं सोडलं आणि चंद्रपूरजवळच्या एका कारखान्यात काम धरलं. तिथे वेल्डिंगची तार बनते. पेन्सिलीहून जराशी बारीक अशी पोलादी सळई वेटोळ्याच्या रूपात येते आणि दाभणाइतकी बारीक तार होऊन, वर तांब्याचा मुलामा घेऊन, रिळावर बसून बाहेर जाते. मधल्या प्रवासात ती एकामागून एक अशा डायमधून ओढली जाते. डाय म्हणजे कठीण धातूचा तुकडा, मधे गुळगुळीत भोक, आणि भोक तारेपेक्षा किंचित लहान. शेवयांच्या साच्यातून पीठ ढकलतात, इथे तार ओढतात, एवढाच फरक. प्रत्येक डायच्या आधी एक पेटी असते, तिच्यात साबणाची भुकटी. तार त्या भुकटीतून जाते आणि अंगाला साबण चोपडून डायमध्ये शिरते. ओढताना तार तापते, म्हणून ती ज्या ढोलांवर गुंडाळत पुढे जाते त्यांच्या पोटातून पाणी खेळवलेलं असतं. ते पाणी शेडमागच्या हौदातून येतं आणि फिरून हौदातच जातं.

माझं काम हे सगळं आधी कॉम्प्युटरवर ओढून बघण्याचं. पूर्वी डायचा क्रम बदलायचा तर दोन-चार वेटोळी वाया घालवून, तार तोडून तोडून अंदाज घ्यावा लागे. आता मी सॉफ्टवेअरमध्ये रकाने भरायचे: सळईचा व्यास, पोलादाची जात, डायचा कोन, साबण कुठला, वेग किती, पाणी किती अंशाचं. मग ते सांगायचं की कुठल्या डायपाशी तार किती तापेल, किती ताण घेईल आणि कुठे दगा देईल. खुर्चीत बसल्या बसल्या मैलोन्‌मैल तार ओढायची आणि हाताला काळं लागायचं नाही. मला हे काम फार आवडायचं. अजूनही आवडतं.

मोठ्या मशीनवर जे गृहस्थ होते त्यांना सगळे नुसतं भाऊ म्हणत. आलापल्लीच्याही पलीकडचे, जंगलातल्या गावचे. घरी माडिया बोलायचे, शेडमध्ये आमची झाडीपट्टीची मराठी. वीसेक वर्षं त्याच मशीनवर. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं आडनाव कुणाला तरी विचारलं असावं, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मला बघून ते म्हणाले, "जय भीम, मॅडम." मीही मग उलट "जोहार, भाऊ" म्हटलं. तेव्हापासून आमचं ठरूनच गेलं. ते माझा नमस्कार मला करायचे, मी त्यांचा त्यांना.

माझ्या लॅपटॉपची त्यांना गंमत वाटायची. एकदा डबा खाऊन हात पुसत मागे येऊन उभे राहिले. पडद्यावर रंगीत तार डायमधून सरकत होती, निळ्याची पिवळी, पिवळीची लाल होत होती.

"हे तुमचं यंत्र कोनच्या गावचं म्हणा?"

"पुण्याहून आणलंय, भाऊ. बनलंय परदेशात."

"मंग त्याले आपला मे मालूम हाये का?"

मी हसले. तेही हसले. तेव्हा नोव्हेंबर होता, सकाळी शेडमध्ये लोक स्वेटर घालून येत होते.

त्या थंडीत माझं मॉडेल असं जुळलं की विचारू नका. तार किती तापेल हे मी आधी कागदावर लिहून ठेवायचे, मग मशीनवर मोजायचे. दोन्ही आकडे शेजारी शेजारी बसायचे. मी डायचा क्रम बदलला, एक डाय कमी केली, तार आधीपेक्षा गुळगुळीत निघाली. मालकांनी शेजारच्या कारखान्यातल्या लोकांना बोलावून माझा पडदा दाखवला. माझ्या डोक्यात हवा गेली, हे कबूल करायला आता काही वाटत नाही. तेव्हा कुणी म्हटलं असतं तर मी भांडले असते.

एप्रिलमध्ये मालकांनी अहवाल मागितला: मशीनची ताकद किती आणि आपण वापरतो किती. मशीनला वेगाची नोंद ठेवणारं एक यंत्र मी आधीच जोडलं होतं. त्याचा आलेख काढला तर रोज एक खड्डा दिसायचा. सकाळभर तार सेकंदाला बारा मीटरने धावते, दुपारी बाराच्या सुमारास नऊवर येते, आणि चार-साडेचारला पुन्हा बारा. दिवसपाळीला मशीनवर भाऊच असायचे. मी भाऊंना गाठून विचारलं, दुपारी वेग का उतरवता?

"ऊन हाये न, मॅडम. साबन करपते."

इथे माझ्यातली माजरी जागी झाली. ऊन! ऊन आहे म्हणून कुणी काम हळू करतं का? माझ्या वडिलांनी असं म्हटलं असतं तर आम्ही जेवलो असतो का? साबणाचं मी वहीत लिहून घेतलं, 'साबणाचा दर्जा तपासणे' असं. उन्हाचं लिहिलंच नाही. आणि अहवालात एक ओळ घातली: दुपारच्या वेळेत वेग तांत्रिक कारण नसताना कमी ठेवला जातो. मॉडेल तर सांगतच होतं की बाराला काही धोका नाही.

ती ओळ मालकांनी वाचली. ते वाईट माणूस नव्हेत, पण आलेख समोर ठेवला की कुणालाही तावच येतो. पाळी बदलायच्या वेळी, दोन्ही पाळ्यांची माणसं शेडमध्ये असताना ते आले आणि भाऊंना म्हणाले, "आराम करायचा असेल तर मशीन कशाला पाहिजे? उद्यापासून यार्डात जा." यार्ड म्हणजे उघड्यावरची जागा, तिथे वेटोळी उतरवायची, क्रेनला अडकवायची. पन्नाशी उलटलेल्या माणसाला एप्रिलच्या अखेरीस यार्डात पाठवलं आणि मी चार पावलांवर फाइल धरून उभी होते. भाऊंनी हात पुसले, फडकं नेहमीच्या खिळ्याला लावलं. माझ्यासमोरून जाताना "जय भीम" म्हणाले. मला जोहार म्हणणं सुचलं नाही.

चार दिवस ते यार्डात आले. पाचव्या दिवशी आले नाहीत. कुणी म्हणालं गावी गेले, तेंदूचं पान तोडायला. फोन लागेना.

मशीनवर नवा माणूस आला, चांगला शिकलेला. त्याला ताकीद होती, बाराच्या खाली यायचं नाही. आणि तार तुटायला लागली. रोज दुपारी, सहाव्या डायपाशी. तार तुटली की मशीन थांबवा, टोक घासून बारीक करा, पुन्हा एकेका डायमधून ओवा. ओवून होईतो अर्धा-पाऊण तास जातो आणि तासाभरात पुन्हा तुटते. डायच्या भोकात चरे पडायचे, तारेवर ओरखडे यायचे. मी साबण बदलला. डाय बदलली. सळई खराब आली म्हणून पुरवठादाराशी फोनवर भांडले. नव्या माणसाला दोनदा घालून पाडून बोलले, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना. मॉडेल रोज चालवायचे आणि ते रोज सांगायचं, सहाव्या डायला काही होत नाही.

मेच्या दुसऱ्या रविवारी माजरीला घरी होते. दुपारची जेवणं झाली, मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हात धरला. किंचाळलेच. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी होतं ते, चहा टाकावा असं.

वडील बाहेरच्या खोलीतून ओरडले, "नळाचं कायले घेतलं वं? बकेटीतलं घे न! मे हाये, मालूम नाई का तुले?"

आमच्याकडे मे महिन्यात पहाटेच बादल्या, ड्रम भरून सावलीत ठेवतात. दुपारी नळाला कुणी हात लावत नाही. लहानपणापासून माहीत असलेली गोष्ट, पुण्याच्या सहा वर्षांत विसरले होते. लाल झालेला हात धरून मी मोरीतच उभी राहिले. 'मे मालूम नाई का' हे मी आधीही कुठेतरी ऐकलं होतं.

लॅपटॉप उघडला. पाण्याच्या तापमानाचा रकाना. तिथे पंचवीस होतं. सॉफ्टवेअर आपणहून पंचवीस भरून देतं, नको असेल तर बदलायचं. मी कधी बदललंच नव्हतं. नोव्हेंबरात हौदाचं पाणी तेवढंच असणार, म्हणून तर आकडे तसे जुळत होते. पुण्याच्या, परदेशाच्या माणसाने ही चूक केली नसती. चंद्रपूर म्हटल्यावर त्याने आधी उन्हाचं विचारलं असतं. ऊन मोजायचंच नाही असं ठरवून बसलेल्या इथल्याच बाईच्या हातून ती व्हायची होती.

मी सोमवारी शेडमागे गेले, हौदात तापमापक सोडला. दुपारी दोनला पाणी चाळीसला टेकत होतं. मॉडेलला तो आकडा दिला, वेग बारा ठेवला. पडद्यावर सहाव्या डायपाशी तार लालभडक दिसायला लागली. त्या उष्णतेला साबणाचा थर टिकत नाही, करपतो, तार कोरडी पडते. मग मी विचारलं, तार सुखरूप राहायला वेग किती हवा? उत्तर आलं, नऊच्या जरासा वर.

 मला रडू आलं आणि स्वतःचा राग आला. दोन्ही एकदमच.

केबिनमध्ये जाऊन मालकांना सगळं सांगितलं. चूक माझी, भाऊ बरोबर होते, सुधारलेला अहवाल हा. त्यांनी शांतपणे ऐकलं. "चला, कळलं ते बरं झालं. आता मॉडेललाही कळलंय ना? मग पाण्याप्रमाणे वेग ठरवून द्या, नवा माणूस चालवेल."

"आणि भाऊ?"

"तुम्हीच लिहिलं होतं, मॅडम." आवाज चढवून नाही, साधंच म्हणाले. "यायचं असेल त्यांना तर मशीन त्यांचं. माझी ना नाही. पण आणायचं तुम्ही."

यार्डातल्या एकाने गावाचं नाव सांगितलं. मी सकाळच्या एसटीने आलापल्लीला गेले, तिथून हेमलकशाच्या रस्त्याला लागणाऱ्या जीपमध्ये दाटीवाटीने बसले. फाट्यावर उतरून अर्धा कोस चालले. गावाबाहेरच्या मोकळ्या जागेत तेंदूच्या पानांचे पुडे रांगेने वाळत घातले होते आणि भाऊ उकिडवे बसून एकेक पुडा उलटवत होते. मला बघून उठले. मी आधी घाईघाईने जोहार म्हणून घेतलं.

"जय भीम. इतक्या उन्हाच्या कायले आल्या?"

त्यांनी मला मोहाच्या झाडाखाली बसवलं, घरातून पाणी आणवलं. मी तांब्या हातात धरूनच बोलायला लागले. रकाना, पंचवीस, हौद, चाळीस, सगळं. शेवटी म्हटलं, मॉडेलने नऊ सांगितलं भाऊ, तुमचेच नऊ. मला वाटलं होतं ते खूश होतील. त्यांनी नुसती मान हलवली, जणू मी त्यांना त्यांच्याच घराचा पत्ता सांगत होते.

"मी माफी मागायला आले," मी म्हटलं. "मालकांना सांगितलं सगळं. अहवालही बदलला."

"कुठी सांगितलं?"

"केबिनमध्ये."

त्यांनी मांडीवर पडलेलं एक वाळकं पान उचलून बाजूला टाकलं. "मले तं साऱ्याइच्या समोर उतरवलं, बाई. मी कामचोर हाये म्हून. वीस वर्स झाले, मले कोनी तसं म्हटलं नोयतं." मग म्हणाले, "कागद कोन वाचते? तिथल्या मानसाइले वाटून राह्यलं का भाऊ उन्हाले भेला."

'मॅडम'ची 'बाई' झाली होती, आमच्याकडे लेकीबहिणीला म्हणतात तशी, पण मान वर करून बघायची माझी हिंमत होईना.

"तुम्ही या," मी म्हटलं. "तुमच्यासमोर, सगळ्यांसमोर सांगते."

"पान होऊ द्या. मंग येतो."

त्या आठवडाभर दुपारी मशीन नऊवर चाललं. तार एकदाही तुटली नाही, आणि मला त्याचा काडीचा आनंद झाला नाही. रोज सकाळी फाटकातून येणाऱ्यांत मी एकच चेहरा शोधायचे. येतील, नाही येतील. का यावं त्यांनी, असंही वाटायचं.

ते आले नवव्या दिवशी, पाळी बदलायच्या जरा आधी, खांद्याला तीच निळी पिशवी. शेडच्या दारातच उभे राहिले, आत आले नाहीत. भोंगा झाला. एक पाळी जात होती, दुसरी येत होती. मी मशीन थांबवायला सांगितलं, म्हणजे आवाज ऐकू जाईल. पंचवीस-तीस माणसं वळून बघायला लागली. मालकही केबिनबाहेर येऊन उभे राहिले.

घरून पाठ करून आलेलं सगळं विसरले. "भाऊ दुपारी मशीन हळू चालवायचे ते आळसाने नाही," मी म्हटलं. "हौदाचं पाणी तापतं. पाणी तापलं की तार तापते, साबण करपतो, तार तुटते. माझ्या हिशेबात पाणी थंड धरलं होतं. चूक माझी होती. भाऊंना मशीनवरून उतरवलं ते माझ्या चुकीमुळे."

कुणी डबा सावरला, कुणी घड्याळ बघितलं. मला वाटलं, ऐकू गेलं नाही. मग पुढच्या रांगेतले एक जण, तांब्याचा मुलामा देणाऱ्या टाक्यांवर काम करणारे, अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे तं आमाले मालूमच होतं, मॅडम."

"कुणाला?"

"साऱ्याइले." आणि खरंच, मागचे सगळे माना डोलवत होते. नवा माणूससुद्धा.

"मग सांगितलं काऊन नाई?" माझ्या तोंडून शेडची भाषा निघाली.

"तुमी इचारलं कुठी?"

हसलं कुणीच नाही. हसले असते तर बरं झालं असतं. माझे कान तापले. भाऊंना मी विचारलं होतं खरं, पण त्यांचं उत्तर ऐकून घेतलं नव्हतं. म्हणजे विचारलं नव्हतंच.

भाऊ आत आले. पिशवी कोपऱ्यात ठेवली, खिळ्याला अजून लटकत असलेलं आपलं फडकं काढून झटकलं. मशीनकडे गेलेच नाहीत, आधी मागच्या दाराने हौदाकडे निघाले. मीही तापमापक घेऊन त्यांच्यामागे गेले. आता दर दोन तासांनी पाण्याचं तापमान लिहायचं असं मी ठरवून दिलं होतं आणि ते भाऊंनीच लिहावं असं माझ्या मनात होतं. त्यांनी बाही सारून कोपरापर्यंत हात पाण्यात घातला, क्षणभर ठेवला.

"आज नऊ बी जास्त हाये. साडेआठ ठेवतो."

मी तापमापक पाण्यात सोडायला वाकले, तर त्यांनी हातानेच थांबवलं.

"ते मंग टाका, बाई. आधी हात टाका."

मी बाही वर केली. सात महिने त्या हौदाशेजारून रोज जात होते, आणि त्या पाण्यात मी एकदाही हात घातला नव्हता.